चित्रांच्या प्रती ठेवताना

प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये काम करतेस म्हणालीस, म्हणून आधी हेच: आयपॅडवरून ते ॲप काढून टाकलंस तर आतली चित्रंही जातात. चित्र पूर्ण झालं की मूळ फाइल लेयरसकट, म्हणजे चित्राचे एकावर एक असलेले सुटे थर तसेच ठेवून, बाहेर काढून ठेव. नुसत्या जेपेगवर भागवू नकोस, त्यात सगळे थर एकत्र होतात आणि गिऱ्हाईक सहा महिन्यांनी मागची भिंत निळी करून मागतं.

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम छायाचित्रकारही पाळतात. आपल्या बडोद्यात त्यातलं 'घराबाहेर' फार महत्त्वाचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं. अशा वेळी तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच टेबलावरची हार्ड डिस्क एकदमच बुडणार. एक डिस्क पुण्याच्या मावशीकडे ठेव, दिवाळीला गेलीस की बदलून आण. मधल्या काळासाठी क्लाउड आहेच. गूगलची फुकटची १५ जीबी मात्र ईमेल आणि फोटोंसकट मोजली जाते, लेयरवाल्या फाइल्सनी ती लवकर भरते.

आणि सिंक, म्हणजे संगणकावरचं फोल्डर आणि क्लाउड आपोआप सारखे ठेवणं, हा बॅकअप नव्हे, यावर मी कुणाशीही वाद घालीन! सिंक केलेल्या फोल्डरमधून चुकून फाइल उडवलीस तर क्लाउडवरूनही उडते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते.

अधूनमधून बॅकअपमधली एखादी जुनी फाइल उघडून बघ. लेयर सगळे जागेवर आहेत ना, तेही तपास.