शनिवार-रविवार मोकळा असतो. खेड्यांत काम करणाऱ्या संस्थेला माझ्यासारख्या शहरातल्या माणसाचा काही उपयोग होईल का?

तुम्ही लिहिलंय की शेतीतलं काही कळत नाही, कुदळ कधी हातात धरलेली नाही, नोकरी ऑफिसातली आहे आणि महिन्यातून दोन-तीन दिवसच देता येतील. उपयोग होईल, नक्की होईल. फक्त तो कुदळीनेच व्हायला हवा, असं मनात धरून जाऊ नका.

मी बँकेत नोकरी करते. 2015 च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळायला लागली. त्याच्या पुढच्या वर्षी एका मैत्रिणीबरोबर दुष्काळी पट्ट्यातल्या एका लहान संस्थेत गेले आणि तेव्हापासून जातेच आहे. आठ-नऊ गावं, चार पूर्णवेळ कार्यकर्ते, बाकी आमच्यासारखे सुट्टीला येणारे. पाणलोट (म्हणजे उतारावरचं पाणी अडवून जिरवणं), बचत गट आणि शेतीला जोडधंदा, ही त्यांची कामं.

पहिला उन्हाळा मी समतल चर खणले. ते काम शिकण्यासारखं आहे. दोन काठ्या टोकाशी बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी, टोकावरून दोरीला दगड लोंबता सोडायचा. या ए फ्रेमचे दोन्ही पाय सारख्या उंचीवर आले की दोरी आडव्या पट्टीवरच्या खुणेवर येऊन थांबते. असं एकेक पाऊल टाकत डोंगरउतारावर समान उंचीची रेष आखायची आणि त्या रेषेवर चर खणायचा, म्हणजे उतारावरून धावणारं पाणी तिथे अडतं आणि जिरतं. काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे यायचं. हा क्रम चुकला, वरचं सोडून आधी खालचा बंधारा बांधला, की तो गाळाने भरतो. सगळं कळलं, आवडलंही. पण माझ्या दिवसभराच्या खोदकामाइतकं काम गावातली बाई ऊन चढायच्या आत उरकत होती. माझा शनिवार याहून जास्त उपयोगी कुठे पडेल, हे मला त्यानंतर दीड-दोन वर्षांनी कळलं.

2018 ची गोष्ट. बारा बायकांचा एक गट होता. महिन्याला प्रत्येकीची शंभर रुपये बचत, आणि बँकेकडून दीड लाखाचं कर्ज मिळालेलं. बैठक रात्री साडेआठला, जेवणं उरकल्यावर, समाजमंदिराच्या ओट्यावर. सतरंजी, पत्र्याची पेटी, पेटीत इतिवृत्ताची वही, रोखवही, बचत-कर्जाची नोंदवही आणि प्रत्येकीचं छोटं पासबुक. कार्यकर्ता मला म्हणाला, "ताई, तुम्ही बँकेतल्या, या गटाचं जरा बघा. काहीतरी बिनसलंय."

रोखवहीप्रमाणे बँकेत 7,460 रुपये असायला हवे होते. बँकेच्या पासबुकावर 6,280 होते. फरक 1,180 चा.

गटाची सचिव सातवी शिकलेली. दर महिन्याला तीच एसटीने अठरा किलोमीटरवरच्या शाखेत जाऊन पैसे भरायची. तिच्या तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं. पण दोन महिन्यांपासून बचतीचे पैसे बायका तिच्या हातात देत नव्हत्या, अध्यक्षा स्वतः शाखेत जात होती. सचिव बैठकीला यायची, कडेला बसायची, वही लिहायची आणि उठून जायची.

मला तो आकडा बघताक्षणीच ओळखीचा वाटला. हजार रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे बरोबर 1,180. बँकेतला माणूस हा आकडा रोज बघतो. पासबुक छापायचं मशीन त्या शाखेत बरेच दिवस बंद होतं, त्यामुळे मधल्या नोंदी छापल्याच नव्हत्या आणि नुसती शिल्लक हाताने लिहून दिलेली होती. खातेउतारा मागवला. त्यात कर्ज दिल्यानंतर आठवड्याभराने प्रोसेसिंग चार्जेस म्हणून ही रक्कम कापलेली निघाली. ती कापायलाच नको होती. शेती, लहान उद्योग अशा प्राधान्य क्षेत्रातल्या 25,000 रुपयांपर्यंतच्या कर्जावर असं शुल्क लावायचं नाही, आणि बचत गटाच्या बाबतीत ही मर्यादा गटाला नाही, प्रत्येक सदस्याला मोजायची, असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. दीड लाख भागिले बारा म्हणजे प्रत्येकी साडेबारा हजार.

अर्ज मी लिहून दिला नाही. मजकूर सांगितला, सचिवाने तिच्या अक्षरात लिहिला, बारा जणींनी सह्या आणि अंगठे केले. तीन आठवड्यांनी पैसे परत जमा झाले. पुढच्या बैठकीत तिने रोखवहीच्या खर्च बाजूला कापलेले 1,180 आणि जमा बाजूला परत आलेले 1,180 लिहिले आणि वही सगळ्यांना फिरवून दाखवली. कुणी माफी मागितली नाही. अध्यक्षेने त्या दिवशीची बाराशे रुपयांची बचत मोजून तिच्या पुढ्यात सरकवली, तिने दोनदा मोजली, रुमालात बांधली.

त्या रात्री मी कार्यकर्त्याच्या घरी मुक्कामाला होते आणि मला बराच वेळ झोप लागली नाही. एवढ्याशा रकमेपायी तो गट फुटला असता. आणि गट फुटणं म्हणजे काय, ते शहरात बसून लक्षात येत नाही. नाबार्डने 1992 मध्ये पाचशे गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तिथून आजचा हा सगळा पसारा उभा राहिला. पण त्याचं मूळ अगदी साधं आहे. बायका आपल्याच बचतीतून आपल्यातल्याच एकीला महिना दोन टक्क्यांनी कर्ज देतात, आणि ते व्याज सावकाराच्या घरात न जाता गटाच्याच पेटीत येतं. पोराची फी, अचानकचा दवाखाना, बियाणं, पहिली शेळी, सगळं त्यातून होतं. उमेदचे, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, लोक गटांना पंचसूत्री शिकवतात: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. पाचवं सूत्र ढिलं पडलं की आधीची चारही हळूहळू सुटतात, कारण वही जुळली नाही की माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं: तुमच्या नोकरीत जे काम तुम्हाला रोजचं, सवयीचं वाटतं, तेच घेऊन जा. हिशेब येत असेल तर हिशेब. सरकारी पत्रव्यवहार जमत असेल तर अर्ज, पाठपुरावा, माहिती अधिकार. विक्रीत असाल तर बाजाराची चौकशी. संस्थांकडे श्रमदानाला माणसं मिळतात, पण दोन वर्षं न चुकता महिन्यातून एकदा येऊन सहा गटांच्या वह्या तपासणारा माणूस मिळत नाही. आणि वह्या तपासायच्या म्हणजे लिहायच्या नाहीत. लेखणी तुमच्या हातात आली की गटाचा हिशेब पुन्हा बाहेरच्या माणसाकडे गेला.

दुसरी गोष्ट आमच्या चुकीची आहे. ती सांगितली नाही तर हे उत्तर अर्धवट राहील. एका कंपनीकडून संस्थेला निधी मिळाला. कंपनी कायदा 2013 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात, आणि 31 मार्च जवळ आला की सगळ्यांना घाई होते. आम्ही एका गटाला डाळ मिल दिली. तूर घरोघरी होते, बायका कच्ची तूर विकून वर्षभर डाळ विकत घेतात, तेव्हा हे काम चालणारच असं आम्ही धरून चाललो. मिल थ्री फेजवर, म्हणजे शेतीपंपांना लागते त्या विजेवर, चालणारी होती. गावात थ्री फेज वीज निम्मा आठवडा फक्त रात्री असायची. रात्री अकरानंतर कोणती बाई मिलवर बसेल? सिंगल फेजवर, म्हणजे घरगुती विजेवर, चालणारी छोटी मिलसुद्धा मिळते, हे आम्हाला नंतर समजलं. उद्घाटनाचा फोटो आमच्या अहवालात गेला आणि मशीन दोन पावसाळे ताडपत्रीखाली राहिलं. शेवटी ते दुसऱ्या गावच्या गटाला दिलं. तिथे चाललं.

खरेदीच्या आधी एक रात्र गावात बसून विचारलं असतं तर पहिल्याच बाईने विजेचं सांगितलं असतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आरोग्याचं काम करायला आले. लोकांची पहिली गरज अन्न-पाण्याची होती, म्हणून तेव्हाच्या दुष्काळात त्यांनी तेही काम हाती घेतलं. पुढे गावातल्याच, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या. हे मी पुष्कळदा वाचलं होतं आणि भाषणात सांगितलंही होतं. डाळ मिलच्या वेळी मात्र मार्चअखेर डोळ्यांसमोर होती, जामखेड आठवलं नाही.

आता पाण्याबद्दल, कारण तुम्ही गेलात की सगळ्यात आधी तुम्हाला बंधारा दाखवतील. बंधारा बघा, चांगलंच काम असतं. मग विचारा की वाढलेलं पाणी कुणाच्या विहिरीत गेलं. आमच्या एका गावात चर खणायला भूमिहीन घरांतल्या बायका सगळ्यात जास्त होत्या. तीन वर्षांनी विहिरींना पाणी आलं, पण विहिरी ज्यांच्या होत्या त्यांच्याच. या बायकांच्या वाट्याला तेव्हाची मजुरी तेवढी आली. यातली एक जण मला सरळ म्हणाली, "आम्ही अडवलं, त्यांनी उपसलं."

या प्रश्नावर महाराष्ट्रात फार आधी विचार झालेला आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायतीचं काम सुरू केलं. तिथला नियम असा की पाण्याचा वाटा जमिनीवर ठरायचा नाही, माणसांवर ठरायचा: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. उसाला पाणी नाही. हिवरे बाजार गावाने पुढे वेगळ्या वाटेने पाण्याचा वापर आवरला. सिंचनासाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा: पाऊस किती पडला, विहिरींची पातळी काय, त्यावरून रब्बीला काय पेरायचं. हाही हिशेबच. शहरातल्या स्वयंसेवकाला इथे खरं काम आहे. पर्जन्यमापकाची रोजची नोंद आणि विहिरींची महिन्याची पातळी गावातल्या पोरांना ठेवायला शिकवणं, आणि ते आकडे ग्रामसभेत फळ्यावर मोठ्या अक्षरात मांडायला मदत करणं. आमच्याकडे आता तीन गावांत असे फळे आहेत. कुणी जास्त उपसा केला हे फळा सांगत नाही. पण पाणी किती खाली गेलं हे सगळ्या गावाला एकाच वेळी दिसतं, आणि बोलणं तिथून सुरू होतं.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाचं मला फार अप्रूप आहे. तिथे बाहेरून आलेल्या मित्रांनी गावाबरोबर बसून अभ्यास केला आणि निर्णय गावाने सर्वसहमतीने घेतले. वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क 2009 मध्ये मिळाला, आणि 2011 साली बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. ज्याच्या हातात पुस्तक, त्याच्या हातात व्यवहार. आमच्या सचिवाच्या रोखवहीचीही तीच गोष्ट आहे.

संस्था कशी निवडायची, असंही तुम्ही विचारलंय. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, लेखापरीक्षण अहवाल, देणगीवरच्या करसवलतीची मान्यता वगैरे बघाच, ती किमान गोष्ट झाली. त्याहून मला एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: "तुम्ही कोणत्या गावातलं काम संपवून बाहेर पडलात, आणि आता तिथे काय चालू आहे?" उत्तर मिळालं तर त्या गावात जाऊन या, शक्यतो संस्थेचा माणूस बरोबर न घेता. संस्था लहान आहे, माणसं कमी आहेत, गाडी जुनी आहे, यावरून मत बनवू नका. देणगीदाराला बंधाऱ्यावर नावाची पाटी लावता येते, कार्यकर्त्याच्या पगारावर लावता येत नाही, म्हणून बंधाऱ्याला पैसे मिळतात आणि कार्यकर्त्याची तीन-तीन महिने ओढाताण होते. 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला त्यातला निधी देणं बंद झालं. याची झळ खेड्यातल्या लहान संस्थांना फार बसली. तेव्हा वेळेबरोबर थोडे पैसेही देणार असाल तर एखाद्या कार्यकर्त्याच्या मानधनासाठी द्या, आणि तसं स्पष्ट लिहून द्या.

पहिल्या भेटीला कॅमेरा राहू द्या. एक वही, टॉर्च आणि अंथरूण-पांघरूण न्या. दिवसा गेलात तर बायका शेतात असतात आणि तुम्हाला संस्थेचे कार्यकर्तेच भेटतील. बैठक रात्री असते आणि शहराकडची शेवटची एसटी त्याच्या आधीच निघून गेलेली असते, तेव्हा मुक्कामाचं आधी कळवून ठेवा. आमच्या त्या गटाच्या सचिव ताई आता आजूबाजूच्या चार गावांतल्या गटांच्या वह्या तपासायला जातात. तुम्ही आमच्या भागात येणार असाल तर कळवा. चौथ्या शनिवारी आम्ही दोघी एकाच एसटीने निघतो.