ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट झाल्यापासून ऑटोकॅडमध्ये (आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) रेषा गायब होतात, कर्सर अडकतो. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का? (नागपूर)

नाही, कार्डावर इतक्यात पैसे घालू नका. आधी जुन्या ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधीच्या आवृत्तीवर, परत या. अपडेटपर्यंत सगळं नीट होतं, म्हणजे संशय ड्रायव्हरवरच जातो. खात्री दोन मिनिटांत होते: ऑटोकॅडमध्ये 'ग्राफिक्सकॉन्फिग' (GRAPHICSCONFIG) ही कमांड द्या आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन (रेखाटायचं काम कार्डावर सोपवणारी सोय) बंद करा. रेषा परत दिसल्या, तर गडबड कार्ड आणि ड्रायव्हर यांच्या बोलण्यात आहे, तुमच्या फाइलमध्ये नाही. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर असं जाऊन 'रोल बॅक' दाबा. ते बटण पुसट असेल तर एनव्हिडियाच्या कार्डासाठी गेमसाठीचा 'गेम रेडी' नव्हे, 'स्टुडिओ' ड्रायव्हर उतरवा आणि टाकताना 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर खूण कराच; जुन्या सेटिंग्ज मागे राहिल्या की तोच त्रास पुन्हा होतो. स्टुडिओ ड्रायव्हर डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर तपासूनच देतात. शिवाय ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी आपल्या साइटवर कोणत्या कार्डासोबत कोणता ड्रायव्हर तपासला आहे याची यादी ठेवते. ती बघितल्याशिवाय सीताबर्डीच्या बाजारात कार्ड घ्यायला जाऊ नका.

मात्र त्रास फक्त भर दुपारी, तोही सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये होत असेल, तर ड्रायव्हर निर्दोष असू शकतो. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो, कार्ड तापतं. पंख्यातली धूळ काढा, आणि कूलरचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका.