पडक्या किल्ल्याचं तैलचित्र कॅलेंडरसारखं का दिसतं?

तुम्ही विचारलंय की किल्ल्याच्या अवशेषांचं तैलचित्र काढताना एकेक दगड नीट रंगवला, तरी चित्र कॅलेंडरवरच्या फोटोसारखंच दिसतं, मग चुकतंय कुठे? मीही निसर्गचित्रं काढतो आणि याच अडचणीने मला कितीतरी वर्षं छळलं. उत्तर सापडलं ते लंडनच्या टेट संग्रहालयात, इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या ‘हॅडली कासल’च्या स्केचसमोर.

अंतिम चित्राआधी तैलरंगात केलेलं हे कच्चं चित्र. स्केच म्हणायचं, पण कॅनव्हास चार फूट उंच आणि साडेपाच फूट रुंद! हा किल्ला इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये, थेम्सच्या मुखावरच्या टेकाडावर आहे. पायाखालची चिकणमाती घसरत गेली, तसा तो ढासळला. कॉन्स्टेबलने १८१४ साली तिथे वहीत पेन्सिलीने छोटंसं रेखाटन केलं होतं. मोठं चित्र झालं ते जवळपास पंधरा वर्षांनी. नोव्हेंबर १८२८मध्ये त्याची बायको मारिया क्षयाने गेली, मागे सात मुलं. हे काम त्या दिवसांतलं आहे.

जवळ जाऊन पाहिलं, तर डावीकडच्या बुरुजात दगड असे सुटे दिसतच नाहीत. जाड रंग नाइफने, म्हणजे रंग थापायच्या बोथट पात्याने, थापलाय, ओढलाय, कडा खडबडीतच सोडल्यात. बुरूज वरून खाली चिरलाय आणि त्या भेगेतून आभाळ दिसतं. मी किती तरी वेळ त्या भेगेकडेच बघत होतो. पडकेपणा त्याने रंगाच्या थरातच आणलाय.

पूर्ण केलेलं चित्र १८२९मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं, आता ते अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्यात मेंढपाळ, कुत्रा, गुरं सगळं आखीव आहे. मला मात्र स्केचच जास्त भिडतं.

त्या पूर्ण चित्राच्या नावातच ‘वादळी रात्रीनंतरची सकाळ’ असं आहे, म्हणजे वेळ आणि हवा पक्की ठरलेली. तुमच्या चित्रात नेमकं हेच राहत असावं. आधी आभाळ ठरवा, पाऊस येतोय की नुकताच ओसरलाय. सह्याद्रीतला गड काढत असाल, तर काळ्या दगडासाठी ट्यूबमधला काळा घेऊ नका. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून बघा, त्या काळ्यात ओल दिसते. ब्रश ठेवा, नाइफ घ्या आणि बुरूज जिथे फुटलाय तिथूनच सुरुवात करा.