गाडीचं काय ते विचारा : ई-२० आणि जुनी स्कूटर

प्रश्न : माझी २०१५ची स्कूटर आहे, रोज धायरी ते शिवाजीनगर. पंपावर आता सगळीकडे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आधी लिटरला ४५ द्यायची ती आता ३५ वर आलीये, सगळे म्हणतात इथेनॉलमुळे. आणि यानं खरंच बाहेरून येणारं तेल कमी होतं का हो?
— एक वाचक, धायरी

उत्तर : दादा, सगळं खापर इथेनॉलवर फोडू नका. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यात ते टाकीत २० टक्केच, म्हणजे हिशोब केला तरी फार तर ६-७ टक्के फरक, ४५ ची ४२ होईल. ३५ झालीये म्हणजे एअर फिल्टर, टायरची हवा, कार्ब्युरेटर बघा आधी, आणि सिंहगड रोडचं ट्रॅफिकही त्यात धराच.

पण तुमची गाडी ई-२० साठी बनलेली नाही हेही खरं, तसे पार्ट्स एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत येतात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, इंजेक्शनवाली गाडी सेन्सर बघून पेट्रोल वाढवते, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) बिचारा फिक्स, म्हणून मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि थंडीत सकाळी किका मारत बसावं लागतं. रबरी पाइप, गॅस्केट मेकॅनिकला दाखवून बदलून घ्या. दुसरं, इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनाभर बंद ठेवून जाऊ नका, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि मग गाडी चालूच होत नाही.

आता तेलाचं. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यामुळे पेट्रोलमध्ये गेलेलं इथेनॉल तेवढा भार हलका करतंच. पण देशात डिझेल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खपतं, ट्रक, टेम्पो, एसटी सगळं त्यावर, आणि इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळत नाही. डिझेलमध्ये खाद्यतेल वगैरेपासून केलेलं बायोडिझेल ५ टक्के मिसळायचं टार्गेट २०३० चं, तिथे अजून फारशी गाडी हललेली नाही. शिवाय इथेनॉल उसापासूनही होतं, त्या उसाला लागणारं पाणी कुणी मोजायचं? उजनी धरणाच्या आसपासच्या लोकांना विचारा. २०२३ च्या डिसेंबरात साखर कमी पडेल म्हणून सरकारनेच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली होती. माझं स्पष्ट मत, मायलेज कमी मिळतं तर ई-२० चा दरही तेवढा कमी हवा, तो मात्र कुणी करत नाही.

प्रश्न : वड्याचं उरलेलं तेल डिझेल पिकअपमध्ये घातलं तर चालतं म्हणे?
— वडापाववाला, नारायण पेठ

उत्तर : नाही हो! ते जाड असतं, इंजेक्टर चोंदतात आणि मग पंपाचं काम निघतं. मिथेनॉलबरोबर प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढलं की त्याचं बायोडिझेल होतं, पण घरी हा उद्योग करू नका, मिथेनॉल विषारी आणि लगेच पेट घेणारं. तेल गोळा करणारे परवानावाले असतात, त्यांना विका, चार पैसे सुटतील.