गेटचं वेल्डिंग घासायला 4 इंची ग्राइंडर घ्यावा की 7 इंची?

4 इंची. तुमच्या गेटचा चौकोनी पाइप बहुतेक 16 गेजचा असणार, म्हणजे जेमतेम 1.6 मिमी जाड. त्यावर 7 इंची मशीन धरणं म्हणजे कोथिंबीर कोयत्यानं चिरणं.

शिरोलीला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात मी वेल्डर होतो. मालकांच्या मते फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पट्ट्या एकावर एक लावलेली चकती, म्हणजे पैसे उडवायचे धंदे. एका बंगल्याचं गेट आलं. कोपऱ्यांचे टाके, म्हणजे वेल्डिंगचे सांधे, मी अडीच मिमीच्या वेल्डिंग रॉडनं मारले, वरची स्लॅगची खपली झाडून दाखवले. मग मालकांच्या भाच्यानं 7 इंची ग्राइंडर उचलला आणि टाका दिसायलाच नको म्हणून सगळं सपाट केलं. टाक्याबरोबर शेजारचा पाइपही खाल्ला. पाइप तापून निळा पडला तेव्हाच मी बोललो, तर मालक म्हणाले, "तू तुझं वेल्डिंग बघ." खळग्यांत पुट्टी, वर रेड ऑक्साइडचा प्राइमर, वर काळा रंग. दिवाळीत बसवलं, पुढच्या पावसाळ्यात बिजागरीकडचा कोपरा उघडला आणि गेट फरशीला घासायला लागलं. गिऱ्हाइकासमोर बोलणी कुणी खाल्ली? मी. म्हणे टाका कच्चा होता. टाका कच्चा नव्हता हो, टाका शिल्लकच नव्हता!

असो. डिस्कचं म्हणाल तर टाका फार उंच असेल तरच 6 मिमीची ग्राइंडिंग डिस्क लावा आणि पाइपला टेकायच्या आत थांबा. पुढचं काम 60 नंबरच्या फ्लॅप डिस्कचं. हात फिरता ठेवा. आतल्या कोनातला टाका घासूच नका, सगळी ताकद त्या भरणातच असते. वरचा टाका थोडा दिसला तर दिसू दे की, गेट आहे, आरसा नाही. आणि कटिंग डिस्कच्या बाजूनं घासायचा मोह नको, ती पातळ चकती बाजूच्या दाबानं फुटते.

हां, 10-12 मिमीच्या प्लेटा असतील तर 7 इंचीच बरा, तिथं 4 इंची घेऊन दिवस जाईल. स्टेनलेसला डिस्क वेगळी ठेवा, लोखंडावर वापरलेली लावली की गंजाचे ठिपके येतात. गॉगल घाला. आणि 4 इंचीचा गार्ड काढून त्यावर 7 इंची डिस्क कधीच चढवू नका. ते मशीन मिनिटाला 11,000 च्या आसपास फिरतं, मोठ्या डिस्कची मर्यादा साधारण 8,500 असते. आमचे मालक तेही करायचे.