जुन्या लॅपटॉपच्या रिकव्हरी डिस्क दुसऱ्या संगणकावर चालतील का?

मदरबोर्ड जळाल्यामुळे आपला लॅपटॉप निकामी झाला आहे, त्याच्याबरोबर आलेल्या विंडोज ७ च्या रिकव्हरी डिस्क मात्र शाबूत आहेत आणि तळाच्या स्टिकरवरची २५ अक्षरी कीदेखील वाचता येते. मग त्याच डिस्क असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर का वापरू नयेत, असे आपण विचारले आहे. वापरू नयेत. परवान्याचा मुद्दा नंतर येतो. त्याआधीची अडचण अशी की, त्या डिस्कवर विंडोजचा नेहमीचा सेटअप बहुधा नसतोच. कारखान्यातून निघताना त्या मॉडेलच्या हार्ड डिस्कवर जे काही होते, त्याची ड्रायव्हर (संगणकाचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) आणि कंपनीच्या नको असलेल्या सॉफ्टवेअरसकट घेतलेली प्रत तेवढी असते, आणि ती उतरवण्यापूर्वी बऱ्याच डिस्क समोरच्या हार्ड डिस्कवरची सगळी पार्टिशन (सी, डी असे तिचे भाग) पुसून टाकतात.

एवढे तावातावाने लिहिण्याचे कारण माझे भाऊजी. विंडोज एक्सपी असलेला त्यांचा लॅपटॉप बंद पडला होता आणि नव्या डेस्कटॉपवरचा त्यानंतरचा विंडोज व्हिस्टा त्यांना एक दिवसही रुचला नव्हता, तेव्हा त्यांनी लॅपटॉपच्या रिकव्हरी डिस्क बाहेर काढल्या. ‘भाऊजी, आधी डी ड्राइव्हवरचे फोटो दुसरीकडे घ्या,’ असे मी त्यांना सर्वांसमक्ष सांगितले होते. त्यावर, ‘अरे, विंडोज सीमध्ये जातं, डीला कोण हात लावतो? आणि या डिस्कचे पैसे मी मोजलेत, मी कुठेही वापरीन,’ असे उत्तर मिळाले. काही कंपन्यांच्या डिस्क आधी बायोसमधले (मदरबोर्डवरच्या, संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधले) मॉडेलचे नाव तपासतात आणि ते जुळले नाही तर पुढे जायलाच नकार देतात. यांच्या डिस्कने दुर्दैवाने तेवढीही तसदी घेतली नाही. तिने डी ड्राइव्हसह सर्व पुसले, निमूटपणे एक्सपी उतरवले, आणि संगणक पुन्हा सुरू होताच बूट डिव्हाइस (जिच्यावरून विंडोज सुरू व्हायची ती डिस्क) सापडत नसल्याचे सांगणारी निळी स्क्रीन आली. त्या प्रतीत लॅपटॉपच्या हार्ड डिस्क हाताळणाऱ्या कंट्रोलरचे ड्रायव्हर होते, डेस्कटॉपची हार्ड डिस्क एएचसीआय या नव्या पद्धतीच्या मोडमध्ये होती, आणि एक्सपीकडे एएचसीआयचा स्वतःचा ड्रायव्हर नसतो. फोटोंपैकी रिकव्हरी सॉफ्टवेअरने जे परत मिळाले, ते नावे गेलेले आणि बरेचसे अर्धवट.

भाऊजी अजूनही म्हणतात की, बायोसमध्ये एएचसीआयऐवजी जुना आयडीई मोड निवडायला मी वेळेवर सुचवले असते तर एक्सपी चालू झाले असते. कदाचित झालेही असते. परंतु मोड बदलल्याने फोटो परत आले नसते, आणि या मुद्द्यावर ते आजवर काहीही बोललेले नाहीत. शिवाय चालू झाल्यावरही एक्सपीने बायोसमध्ये कंपनीची खूण शोधली असती, ती न सापडल्याने अ‍ॅक्टिव्हेशन (प्रत खरी असल्याची मायक्रोसॉफ्टकडून खातरजमा) मागितले असते, आणि मोठ्या कंपन्यांच्या संगणकांवरील स्टिकरच्या की इंटरनेटवरून स्वीकारणे मायक्रोसॉफ्टने २००५ मध्येच बंद केलेले असल्यामुळे फोन करून, ही की कोणत्या संगणकाची आहे, याचे उत्तर द्यावे लागले असते.

विंडोज ७ मध्ये हीच व्यवस्था अधिक कडक आहे. कंपनीच्या मदरबोर्डवर बायोसमध्ये ‘एसएलआयसी’ नावाची नोंद असते. ती नोंद, डिस्कवरचे कंपनीचे प्रमाणपत्र आणि कंपनीच्या असंख्य संगणकांना लागू असणारी एकच की, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तरच विंडोज न विचारता अ‍ॅक्टिव्हेट होते. स्टिकरवरची की यापेक्षा निराळी असते. आपल्या असेंबल केलेल्या बोर्डवर ती नोंद असणार नाही. स्टिकरची की घालून साध्या विंडोज डिस्कने काम भागेलही, पण अ‍ॅक्टिव्हेट झाले म्हणजे हक्क मिळाला, असे होत नाही. संगणकाबरोबर येणारा ओईएम परवाना त्या संगणकाशी, व्यवहारात त्याच्या मदरबोर्डशी, बांधलेला असतो आणि म्हणूनच तो स्वस्त असतो. एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो तो स्वतंत्र विकत घेतलेला रिटेल परवाना. ‘पैसे मोजलेत’ म्हणणाऱ्यांनी नेमके कशाचे मोजलेत, हे एकदा बिल काढून पाहावे. अर्थात विंडोजची खरी डिस्क न देता असली प्रत हाती ठेवणे हा कंपन्यांचा कद्रूपणाच होता, याबाबत मी भाऊजींच्याच बाजूचा आहे.

हे सर्व निराळ्या संगणकापुरते. लॅपटॉप तोच असून फक्त हार्ड डिस्क किंवा रॅम बदलली असेल, तर या डिस्क बिनदिक्कत वापराव्यात. मात्र नवी हार्ड डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान असल्यास काही डिस्क अडून बसतात. बिघडलेला मदरबोर्ड बदलून कंपनीने त्याच मॉडेलचा बसवून दिला असेल, तरीही परवाना कायम राहतो, तेव्हा असा बोर्ड मिळतो का, ते आधी पाहावे. आणि एक सांगायचे राहिले: विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आहेत, त्यामुळे डेस्कटॉप इंटरनेटला जोडायचा असेल तर त्या डिस्कसाठी एवढी खटपट करण्याजोगे काही उरलेले नाही.