कळंगुट की फोंतेन्हास: चार रात्रींचा हिशेब

सांगलीच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे: डिसेंबरात पती व सासूबाईंसह चार रात्री गोव्यात राहायचे आहे. तिघांची खोली कळंगुटला रात्रीला ३,२०० रुपयांना, तर पणजीच्या फोंतेन्हासमधील जुन्या घरात ४,६०० रुपयांना मिळते. जादा पैशांसाठी ५०,००० रुपयांची मुदत ठेव मोडावी का?

ताई, दोन्ही दर करापूर्वीचे आहेत. रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. तो धरल्यास चार रात्रींचे अनुक्रमे १३,४४० आणि १९,३२० रुपये होतात. फरक ५,८८० रुपयांचा. मात्र आपल्या यादीत महालक्ष्मी मंदिर, कला अकादमी आणि पणजीतल्या जुन्या गल्ल्या यांना दोन दिवस आहेत, समुद्राला जेमतेम एक संध्याकाळ, आणि तिला पणजीचा मिरामार किनारा पुरेसा आहे. कळंगुटहून पणजी सुमारे १५ किलोमीटर असून आपल्याला टॅक्सीचे जाऊन-येऊन १,६०० रुपये सांगितले आहेत, म्हणजे दोन दिवसांचे ३,२००. बस स्वस्त पडेल, पण सासूबाईंचे गुडघे पाहता तो पर्याय मी धरत नाही. जुने गोवे आणि मंगेशीच्या दिवशी गाडी दोन्हीकडून करावीच लागेल. फोंतेन्हासहून रिक्षासाठी ५०० रुपये धरले, तरी खरा फरक ३,१८० रुपयांवर येतो.

एवढी रक्कम मी खुशाल खर्च करीन. कळंगुट-पणजी वाटेवरील पर्वरीच्या वाहतूक कोंडीत जाणारा वेळ वाचतो, दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकता येते आणि कदंब बसस्थानकही जवळ आहे. (सकाळी गल्लीत फोटो काढताना तिथे माणसे राहतात, एवढे ध्यानात ठेवावे; रहिवासी या गर्दीला कंटाळले आहेत.)

तथापि या घरांमध्ये वरच्या मजल्यावर जाणारे लाकडी जिने बहुधा अरुंद आणि चढे असतात. तळमजल्याची खोली नसेल, तर माझे उत्तर बदलेल: पणजीतल्याच ‘अठरा जून’ रस्त्याच्या आसपास लिफ्ट असलेले साधे हॉटेल पाहावे.

ठेव मात्र मोडू नये. मुदतीआधी मोडल्यास व्याज ठेव राहिलेल्या काळाच्या दराने मिळते आणि बहुतेक बँका त्यातूनही दंड कापतात. तीन हजारांसाठी हा तोटा कशाला? प्रवासापर्यंत दरमहा थोडे बाजूला काढावे. पणजीच्या चर्चचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, ८ डिसेंबरला असते. तेव्हाची रोषणाई पाहायची असेल तर खोली लवकर धरावी, आणि आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तळमजल्याची हमी व बुकिंग रद्द करण्याची मुदत लेखी मागवावी.